वाढणाऱ्या हातांचे ग्रंथ

दलित साहित्याच्या चर्चेत काळ्या अमेरिकन साहित्याचा हवाला आपण वरचेवर देतो. फ्रेडरिक डग्लस, लँगस्टन ह्यूज, रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या परिसंवादांतून आता परिचयाची झाली आहेत. परंतु या यादीत दोन पुस्तकांचा उल्लेख मला कधी आढळला नाही. ती 'साहित्य' म्हणून कोणी गणलीच नाहीत. त्यांतले एक एका बटलरने लिहिले, दुसरे हॉटेलातल्या मुख्य वाढप्याने. टेबल कसे मांडावे, दिव्यांच्या काचा कशा पुसाव्यात, वाढप्यांकडून काम कसे करून घ्यावे, असे त्यांचे विषय. विद्रोहाची एक आरोळीही त्यांत नाही. तरीही काळ्यांच्या मुक्तीचा इतिहास लिहिताना ही दोन पुस्तके वगळता येणार नाहीत असे माझे मत आहे.

ग्रंथालयात ती शोधायची तर ड्यूईच्या वर्गीकरणातल्या ६४० च्या कपाटाशी जावे लागते. ६४१ म्हणजे अन्न आणि स्वयंपाक, ६४२ म्हणजे जेवण मांडणे व वाढणे, ६४७ म्हणजे हॉटेले व खाणावळी चालविणे. या कपाटाशी मी बराच वेळ काढला आहे. तिथे दोन तऱ्हेची पुस्तके शेजारी शेजारी सापडतात. एक, हॉटेलातील नोकरवर्ग कसा सांभाळावा हे मालकाला शिकविणारी. दुसरी, इटालियन जेवणाची आणि ऑपेराची जोडी लावून देणारी: अमुक संगीतिका ऐकताना अमुक प्रकारचा पास्ता, तमुक अंकाला तमुक द्राक्षासव. पहिल्या प्रकारात वाढपी ही एक अडचण असते. तो उशिरा येतो, नोकरी सोडून जातो, त्याला वळण लावावे लागते. दुसऱ्या प्रकारात तो नसतोच. पदार्थ आपोआप टेबलावर येतो आणि मागे गाणे चालू असते. मला आधी पहिल्या प्रकाराच्या मुळाशी जायचे आहे, आणि मग दुसऱ्याकडे वळायचे आहे. दोन्हींची गाठ बॉस्टन या एकाच शहरात कशी पडते ते ओघाने येईलच.

रॉबर्ट रॉबर्ट्स याचा जन्म १७७७ च्या सुमारास दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे झाला. पुढे तो उत्तरेत आला आणि मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर ख्रिस्तोफर गोर यांच्या वॉल्थॅम येथील वाड्यात बटलर म्हणून राहिला. त्याचे 'द हाउस सर्व्हंट्स डिरेक्टरी' हे पुस्तक १८२७ साली बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या माणसाने लिहिलेले आणि व्यापारी प्रकाशकाने छापलेले असे हे अमेरिकेतील अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली, त्याच वर्षी 'फ्रीडम्स जर्नल' हे काळ्यांचे पहिले वृत्तपत्र तिथे निघाले, आणि त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळते. पण १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून जोतीरावांनी ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली, तो मात्र योगायोग नव्हे.

रॉबर्ट्सचे पुस्तक जोसेफ आणि डेव्हिड या दोन तरुण मित्रांना उद्देशून आहे. घरकामाच्या नोकरीत शिरणाऱ्या पोरांना वडीलधाऱ्याने जवळ बसवून सांगावे तसे तो सांगतो. पहाटे उठा. मालक उठण्यापूर्वी घाणीचे काम उरका, म्हणजे पुढे चार लोकांत स्वच्छ कपड्यांनिशी वावरता येईल. दिवे, सुऱ्या, चांदीची भांडी, बूट यांची निगा कशी राखावी. बाजारात मास व मासळी कशी पारखावी. पाहुणे असता टेबल कसे मांडावे. शंभराहून अधिक कृती. आणि शेवटी लीहाय खोऱ्यातला दगडी कोळसा, जो तेव्हा नवीन होता आणि पेटता पेटत नसे, तो कसा पेटवावा. पुस्तकाला गोरसाहेबाचे शिफारसपत्र जोडलेले आहे. काळ्याच्या लेखणीवर विश्वास बसायचा तर गोऱ्याची सही लागे. पण याच पुस्तकात त्याने मालकांनाही चार शब्द सुनावले आहेत: नोकराशी कसे बोलावे, त्याला कसे वागवावे. बटलर साहेबाला वागणूक शिकवतो, आणि बॉस्टनचा प्रकाशक ते छापतो! १८२७ सालची ही गोष्ट आहे. विनयाने लिहिलेल्या पुस्तकांत काय काय दडवता येते हे पाहण्यासारखे आहे.

रॉबर्ट्स हा नुसता आज्ञाधारक नोकर नव्हता. स्वतंत्र झालेल्या काळ्यांना जहाजात घालून आफ्रिकेत नेऊन सोडावे असा उद्योग १८१६ पासून अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीने चालविला होता. त्याला बॉस्टनच्या काळ्यांनी विरोध केला, त्यांत रॉबर्ट्स होता. त्याचा मुलगा बेंजामिन छापखाना चालवीत असे. बेंजामिनची मुलगी सेरा पाच वर्षांची झाली तेव्हा घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळांनी तिला घेतले नाही. त्या ओलांडून तिला काळ्यांच्या शाळेत जावे लागे. बापाने बॉस्टन शहरावर दावा लावला. वकील दोन, रॉबर्ट मॉरिस हा काळा आणि चार्ल्स समनर हा गोरा. समनरने १८४९ मध्ये केलेल्या युक्तिवादात हिंदुस्थानातील जातीव्यवस्थेचे उदाहरण घेतले आणि रंगावरून पोरांना वेगळे बसविणे ही जातच आहे असे बजावले. १८५० मध्ये न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी निकाल शहराच्या बाजूने दिला. पुढे १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून अशा वेगळ्या शाळा बंद केल्या. पण शॉ यांचा निकाल मेला नाही. १८९६ च्या प्लेसी खटल्यात 'वेगळे पण समान' या तत्त्वासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला, आणि ते तत्त्व शाळांपुरते मोडायला १९५४ साल उजाडावे लागले. दिव्याच्या काचा पुसण्याची रीत लिहिणाऱ्या आजोबाच्या नातीचा हा खटला. आपल्याकडचे जाणकार या खटल्याचा उल्लेख करतात, पण आजोबाचा करीत नाहीत.

दुसरे पुस्तक ट्यूनिस कॅम्पबेल याचे. ते १८४८ मध्ये बॉस्टनलाच निघाले. नाव लांबलचक आहे. हॉटेलचालक, मुख्य वाढपी आणि घरव्यवस्था पाहणाऱ्या बाया यांच्यासाठी मार्गदर्शक, असा त्याचा अर्थ. हॉटेल चालविण्याच्या शास्त्रावर अमेरिकेत लिहिल्या गेलेल्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. कॅम्पबेल १८१२ चा, न्यू जर्सीतला, लोहाराचा मुलगा. त्याला शाळेत घातले ते पुढे लायबेरियात मिशनरी म्हणून धाडण्यासाठी. त्या शाळेत तो एकटाच काळा होता. शिकून झाल्यावर त्याने जायला नकार दिला, गुलामगिरीविरुद्ध भाषणे करू लागला, आणि पोटासाठी न्यूयॉर्क व बॉस्टनच्या हॉटेलांत काम धरले. न्यूयॉर्कच्या हॉवर्ड हॉटेलात तो मुख्य वाढपी होता.

त्या काळचे मोठे हॉटेल म्हणजे आजच्यासारखे नव्हते. ठरल्या वेळी घंटा व्हायची आणि सगळी गिऱ्हाइके लांबच लांब टेबलांना एकदम बसायची. आपल्याकडची पंगतच म्हणा. पन्नास-शंभर माणसांना एकाच वेळी गरम वाढायचे तर गोंधळ ठरलेला. कॅम्पबेलने यावर तोड काढली ती कवायतीची. वाढप्यांच्या तुकड्या केल्या, प्रत्येकाची जागा नेमली. मुख्य वाढप्याच्या इशाऱ्यावर सर्वांनी एकदम पाऊल टाकायचे, एकदम भांडे ठेवायचे, एकदम झाकण उचलायचे. रोज सराव. हॉटेलातल्या लष्करी शिस्तीचे श्रेय सर्वजण ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच बल्लवाला देतात. त्याने ती स्वयंपाकघरात आणली हे खरे. त्याचा 'ल गीद क्युलिनेर' १९०३ चा. कॅम्पबेलचे पुस्तक निघाले तेव्हा एस्कोफिए दोन वर्षांचा होता.

पण मला कवायतीपेक्षा तिच्या मागचा विचार महत्त्वाचा वाटतो. वाढप्याला शिक्षण हवे, पगार चांगला हवा, त्याच्या कामाला प्रतिष्ठा हवी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. मालकाशी नोकराचे नाते कराराचे आहे, दयेचे नव्हे, अशी त्याची भूमिका. हे केवळ कागदावर राहिले असे नाही. १८५३ मध्ये न्यूयॉर्कचे गोरे वाढपी पगारवाढीसाठी एकत्र जमले तेव्हा काळ्या वाढप्यांचा प्रतिनिधी त्यांच्या सभेत गेला. काळे संघटित होते आणि महिना १६ डॉलर घेत होते, गोरे १२. त्याने गोऱ्यांना सल्ला दिला की १८ मागा. अमेरिकन कामगार चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग येतो तो बहुधा दोन ओळींत. त्यावर स्वतंत्र प्रकरण असावयास हवे.

यानंतर कॅम्पबेलच्या आयुष्याला जे वळण लागले ते वाचताना मी थक्क झालो. यादवी युद्धात १८६३ मध्ये तो दक्षिण कॅरोलायनात मुक्त गुलामांमध्ये काम करायला गेला. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने फर्मान काढून किनाऱ्यालगतची बेटे आणि जमीन मुक्त झालेल्यांसाठी राखून ठेवली. जॉर्जियातील पाच बेटांची व्यवस्था कॅम्पबेलकडे आली. सेंट कॅथरिन्स बेटावर त्याने काय उभारले? घटना, विधिमंडळ, न्यायालय, शाळा आणि २७५ माणसांचे संरक्षक दल. कालपर्यंत ज्यांना विकले जात होते ते लोक आपल्या जमिनीचे पट्टे घेऊन आपले कायदे करू लागले. हा प्रयोग वर्ष-दीड वर्षही टिकू दिला गेला नाही. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने जुन्या जमीनदारांना माफी देऊन जमिनी परत केल्या आणि कॅम्पबेलला हाकलण्यात आले. त्याने मुख्य भूमीवर मॅकिन्टॉश परगण्यात १,२५० एकरांचा मळा मिळवून तिथे शेतकऱ्यांचा संघ काढला. १८६८ मध्ये जॉर्जियाच्या सिनेटवर निवडून आला. त्याच वर्षी सप्टेंबरात काळ्या प्रतिनिधींना सभागृहांतून काढून टाकले. काळ्यांना मताधिकार आहे, पद धारण करण्याचा अधिकार कुठे लिहिला आहे, असा युक्तिवाद करून. १८७० मध्ये ते परत आले. कॅम्पबेल डेरियन गावी न्यायदंडाधिकारीही होता आणि गोऱ्यांनाही शिक्षा ठोठावीत असे. हे सहन होणे शक्य नव्हते. अधिकाराचा गैरवापर केला म्हणून त्याला दोषी ठरवून, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, १८७६ मध्ये, कैदी भाड्याने देण्याच्या पद्धतीनुसार एका मळेवाल्याच्या हवाली करण्यात आले. वर्षभर त्याने ती मजुरी केली. सुटल्यावर १८७७ मध्ये आपल्या व कुटुंबाच्या छळाची हकीकत त्याने छापली. १८९१ मध्ये तो बॉस्टनला वारला.

बेटावरचे संरक्षक दल आणि हॉटेलातली कवायत यांचा संबंध मी ओढूनताणून जोडतो आहे असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. शंभर माणसांना शिस्तीने, एका इशाऱ्यावर, एकमेकांच्या भरवशावर काम करायला लावणे ही विद्या त्याला कुठल्या लष्करी शाळेने शिकवली नव्हती. ती तो जेवणघरात शिकला, आणि तिथेच त्याने ती लिहून काढली.

आता एक फरक स्पष्ट मांडला पाहिजे, नाहीतर आपण काळ्यांची आणि आपली स्थिती सरसकट एक धरू. अमेरिकेत गोऱ्याला काळ्याच्या हातचे चालत होते. काळ्याच्या शेजारी बसून चालत नव्हते. त्याने रांधावे, वाढावे, मूल पाजावे, पण टेबलाला बसू नये. आपल्याकडे हातच विटाळाचा. पंगतीत वाढणाऱ्याची जात आधी पाहायची, मग पान मांडायचे. पंक्तिप्रपंच हा शब्द ज्या भाषेत आहे त्या भाषेत आमच्यातल्या कोणी वाढपाचे पुस्तक एकोणिसाव्या शतकात कसे लिहिले असते? माझे एक मामा तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात मोरीवर होते. भांडी घासायला जात आड आली नाही. गल्ल्यावरच्या माणसाला ती कळल्यावर मात्र बाहेर टेबलाशी जायची त्यांना बंदी झाली. उष्टे चालते, ताजे चालत नाही, असे ते हसत सांगत. तोवर राज्यघटना लागू होऊन काही वर्षे झाली होती. उपाहारगृहात कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे पंधराव्या कलमात आहे. मोरीवरून टेबलापर्यंत कोणी जावे याविषयी त्या कलमाचे त्या गल्ल्यावर कोणी नाव काढले नाही.

तरी एक वाट होती, साहेबाच्या बंगल्याची. इंग्रजाला विटाळ नव्हता, म्हणून आमच्यातले काही लोक त्याच्याकडे बटलर, खानसामे झाले. शिवराम जानबा कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. या नोकरीत राहून त्यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले, आणि लष्करात व सरकारी नोकरीत महारांना घ्यावे म्हणून १९१० चा अर्ज थेट विलायतेत भारतमंत्र्यापर्यंत पोहोचवला. पुढे पर्वतीच्या सत्याग्रहातही ते पुढे होते. रॉबर्ट्स किंवा कॅम्पबेल यांचे नावही त्यांच्या कानी गेले असण्याचे कारण नाही. पण साहेबाच्या मेजाशी उभे राहून त्याचे कायदे, त्याची भाषा, त्याचे दुबळेपण टिपून घेणारा बटलर ही जात दोन्ही देशांत निपजली.

आता त्या दुसऱ्या कपाटाकडे, म्हणजे इटालियन जेवण आणि ऑपेराकडे. ही जोडी काही उगाच जुळलेली नाही. रोस्सिनीचा आजोळचा धंदा भटारखान्याचा. वेर्दीचा बाप रोंकोले गावात खाणावळ चालवीत असे. आणि नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहाचा चालक दोमेनिको बार्बाया हा तर मिलानच्या कॉफीगृहात कपबशा विसळण्यापासून वर आलेला. कॉफी, चॉकलेट आणि साय यांचे जे पेय त्याने चालविले त्याला त्याच्याच नावावरून बार्बायादा म्हणतात. त्याने जुगाराची टेबले मांडून पैसा केला, १८०९ पासून नेपल्सची राजनाट्यगृहे चालविली, १८१५ मध्ये रोस्सिनीला बोलावून घेतले आणि त्याच्याकडून ऑपेरा लिहवून घेतले. काळ्या सेनापतीचा 'ओतेल्लो' १८१६ मध्ये त्यातूनच झाला. बार्बाया आणि रॉबर्ट्स साधारण एकाच सुमारास जन्मले. दोघेही दुसऱ्याचे उष्टे उचलण्यापासून सुरुवात केलेले. एक राजदरबारी मानाला पोहोचला, दुसरा उत्तम बटलर राहिला. दोघांच्या बुद्धीत फरक होता असे मला दिसत नाही. गोऱ्या गरिबाला गरिबी पुसून टाकता येत होती.

या पुस्तकांतले पदार्थ पाहा. वांग्याचा पास्ता 'नोर्मा', तो बेल्लिनीच्या १८३१ च्या ऑपेराच्या नावाचा. मांसाचा एक प्रकार रोस्सिनीच्या नावाचा. कोंबडीचा एक प्रकार लुइसा तेत्राझ्झिनी या गायिकेच्या नावाचा. पीच मेल्बा एस्कोफिएने नेली मेल्बासाठी केले. तिथे ऑपेरा जर्मन, गायिका ऑस्ट्रेलियन, बल्लव फ्रेंच आणि हॉटेल लंडनचे, तरी इटालियन जेवणाच्या पुस्तकातही ते घुसलेले मी पाहिले आहे. एस्कोफिएचे नाव तरी राहिले. बाकीच्यांत रांधणाऱ्याचे नाव हरवले किंवा त्यावर वाद आहेत. गाणाऱ्याचे नाव पदार्थाला लागते. वाढणाऱ्याचे कशालाच लागत नाही.

आणि आता बॉस्टन. वेर्दीला स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह याच्या १७९२ मधील खुनावर ऑपेरा लिहायचा होता. रंगमंचावर राजाचा खून सेन्सॉरला चालेना. शेवटी कथा उचलून वसाहतकाळातल्या बॉस्टनमध्ये नेली, राजाचा गव्हर्नर केला, आणि 'उन बाल्लो इन मास्केरा' १७ फेब्रुवारी १८५९ रोजी रोममध्ये सादर झाला. त्यात उल्रिका नावाची काळी ज्योतिषीण आहे. पहिल्याच प्रवेशात न्यायाधीश तिला हद्दपार करण्याचा हुकूम सहीसाठी आणतो आणि तिच्या काळ्या रक्ताला अशुद्ध म्हणतो. शब्द इटालियन असला तरी आपल्याला तो परका नाही. खऱ्या बॉस्टनमध्ये तेव्हा रॉबर्ट रॉबर्ट्स हयात होता. तो १८६० मध्ये वारला. काळ्यांना हद्दपार करण्याच्या बेताशी त्याने आयुष्यभर झुंज दिली होती. रोममध्ये ही संगीतिका लिहिणाऱ्यांना बॉस्टन म्हणजे फक्त सेन्सॉरपासून दूरचे एक गाव होते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या मंचावर काळ्या एकल गायकाला पाय ठेवायला १९५५ साल यावे लागले. गायिका मेरियन अँडरसन. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहाने काळी म्हणून तिला नाकारले तेव्हा १९३९ मध्ये ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून ७५,००० लोकांपुढे गायली होती. त्याआधी १९३७ मध्ये प्रिन्स्टनला तिचे गाणे झाले, सभागृह भरले, आणि रात्री उतरायला हॉटेलात खोली मिळेना. अल्बर्ट आइन्स्टाइनने तिला आपल्या घरी नेले. म्हणजे कॅम्पबेलच्या पुस्तकाला नव्वद वर्षे होत आली तरी हॉटेलात काळ्याचे स्थान वाढणाऱ्याचेच होते, उतरणाऱ्याचे नव्हते. मेट्रोपॉलिटनने तिला घेतले तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती, आवाजाचा भर ओसरला होता. भूमिका दिली ती उल्रिकाची. बॉस्टनची, हद्दपारीचा हुकूम निघालेली, एकाच प्रवेशापुरती.

त्या प्रवेशात उल्रिकाच्या खोपटात तिवईवर एक काइल चढवलेली असते. ७ जानेवारी १९५५ च्या रात्री पडदा वर गेला तेव्हा मेरियन अँडरसन त्या काइलीतला काढा ढवळीत उभी होती. ती कापत होती असे तिने स्वतःच पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. तिने सूर लावण्याआधीच टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात, आणि ती तशीच ढवळीत राहिली.